उघड्या तोंडाची पुंगळी

आमच्या मामेसासऱ्यांइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा नव्हता, आणि अख्ख्या मुलुंडमध्ये लोक ज्यांना सगळ्यात जास्त टरकून असत तेही आमचे मामेसासरेच. दोन्ही गोष्टी मी शपथेवर सांगायला तयार आहे. घरात झुरळ निघालं तर हा गृहस्थ चप्पल उचलायचा नाही. वर्तमानपत्र पुढे करायचा, झुरळाला त्यावर सावकाश चढू द्यायचा आणि गॅलरीतून खाली, शक्यतो सोसायटीच्या चेअरमनच्या कुंडीत, सोडून द्यायचा. आवाज चढलेला कोणी ऐकला नाही, भाजीवाल्याशी कधी घासाघीस केली नाही. आणि तरीही मामा जिन्यात समोरून आले की धडधाकट माणसं भिंतीला चिकटून वाट देत, आणि ते वळणावरून दिसेनासे झाले की हळूच छातीवर हात ठेवून आतलं काम सुरू आहे ना याची खात्री करून घेत. कारण एवढंच, की मामा घरच्या ओट्यावर पिस्तुलाची काडतुसं भरत, आणि त्या काडतुसांना पुढचं कळतं अशी बिल्डिंगची ठाम समजूत होती.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, सगळं कायद्यात बसणारं होतं. मामांची हयात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली आणि रविवार रायफल क्लबात गेले. ऐंशीच्या त्या दिवसांत बत्तीस बोअरची नवी काडतुसं मिळणं म्हणजे महाकर्मकठीण. क्लबाचा कोटा आला आला म्हणेपर्यंत संपायचा. म्हणून झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, त्यांत नव्याने दारू आणि शिशाची गोळी भरायची आणि पुन्हा वापरायच्या, हे काम क्लबाने रीतसर परवानगी काढून मामांवर सोपवलं होतं. तो परवाना बाहेरच्या खोलीत लग्नाच्या फोटोशेजारी काच लावून टांगलेला असे. "माझ्या तोंडावरची धूळ कधी पुसली नाय, त्या कागदाची काच मात्र रोज पुसतत," ही मामींची कायमची तक्रार. वर्षातून एकदा चौकीतला हवालदार तपासणीला येई, परवान्यासमोर उभा राहून वाचल्यासारखं करी, मामींच्या हातचे घावणे चापून खाई आणि "काका, जपून हां, वाट नका लावू आमची," असं बजावून जाई.

मी मामांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लग्नाच्या बोलणीत. मुलीकडची मंडळी ओळीने बसली होती आणि टोकाला हे. बाकीचे मला पगार विचारत होते, आणि हे माझ्या दोन भुवयांच्या मधोमध एका ठिकाणी बघत होते. पापणी लवत नव्हती. नेमबाजीत म्हणे अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरून ठेवायचा आणि त्या निश्चल क्षणात चाप ओढायचा. मामांना ती सवय इतकी लागली होती की बोलता बोलता मध्येच ते त्या अर्ध्या श्वासावर थांबत आणि समोरच्या भिंतीवरचा एखादा खिळा निवडून त्याच्याकडे बघत राहत. छातीसुद्धा हलायची नाही. एकदा एक विमा एजंट त्यांना पॉलिसीचे फायदे समजावत होता. "आणि समजा काका, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं," असं तो म्हणायला आणि मामांनी श्वास धरायला एकच गाठ पडली. एजंटाने दोनदा हाक मारली, वाकून पाहिलं, आणि चपला हातात घेऊन जो पळाला तो सरळ रस्त्यावर. मामी पाणी घेऊन बाहेर आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि मामा विचारत होते, "गेलो खय तो? वाक्य तरी पुरा करून जावचा."

त्या घरात जेवायला बसणं हाही एक अनुभवच होता. ओट्याच्या एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला चार बोल्टांनी जाम केलेला लोखंडी हातप्रेस आणि मधल्या भागाच्या मालकीवरून नवराबायकोचं कायमचं भांडण. मामा कामाला बसायचे तेव्हा गॅस बंद, सिलिंडरचा कॉक बंद, देवाची समईसुद्धा मालवलेली. "माझ्या देवाला अंधारात बसवतत आणि स्वतः दारू घेऊन बसतत," असं मामी आल्यागेल्याला सांगत, त्यामुळे बऱ्याच लोकांचे भलतेच समज झाले होते. पुंगळ्या उजळवायला मामा चिंचेचा कोळ वापरत. मामी पूजेची तांब्याची भांडी त्याच दिवशी काढत, मग एका परातीत ताम्हन, पळी आणि शेदीडशे पुंगळ्या अशा गुण्यागोविंदाने एकत्र पडलेल्या असत. नंतर त्या गॅलरीत जुन्या लुगड्यावर वाळत पडायच्या. शेजारच्या लुगड्यावर सांडगे.

आता त्या तोंडाविषयी सांगायला हवं. काडतूस भरण्यातलं शेवटचं काम म्हणजे पुंगळीची कड आत वळवणं. गोळी बसली की वरची कड नखाच्या कोरीइतकी आत दुमडायची, म्हणजे गोळी जागच्या जागी राहते. क्लबातले लोक याला क्रिम्प म्हणत, मामा 'तोंड मिटणं' म्हणत. हे करणारा जो पोलादी साचा असतो, ज्याला डाय म्हणतात, तो प्रेसच्या डोक्यात आट्यांवर बसतो. फिरवून खाली घेतला तर कड जास्त वळते, वर घेतला तर कमी. कमी वळली तर गोळी ढिली राहते, फार वळली तर गोळी चिमटली जाते आणि नेम भरकटतो. मामांनी तो डाय कोणे एके काळी मनासारखा लावला, तो हलू नये म्हणून वरून चेकनट आवळला आणि त्यानंतर त्याला बोट लावलं नाही. मी एकदा सहज विचारलं, की अधूनमधून तपासून बघत नाही का. मामांनी माझ्या भुवयांच्या मधोमध पाहिलं. "लावलेला डाय आणि लावून दिलेलं लग्न, जावईबापू, उगाच हलवून बघू नये. बसलंय ना? बसू दे." त्यांची भाची माझ्या शेजारीच बसलेली असल्यामुळे मी विषय वाढवला नाही.

प्रत्येक पुंगळी डायमधून निघाली की मामा डोळे मिटून अंगठ्याने तिचं तोंड चाचपत. एक फेरी, झालं, पुढची. पण एखादी पुंगळी हट्टी निघे. हँडल पार खाली ओढलं तरी कड वळायची नाही, तोंड उघडं ते उघडंच. अशी निघाली की मामा तिच्यातली गोळी आणि दारू काढून घेत, हात पुसत, ती एकटी रिकामी पुंगळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी करत आणि शांतपणे म्हणत, "गो, आज एकाचा तोंड मिटना नाय." मामी देवाला हात जोडत आणि भाताचं आधण वाढवत. कारण संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी घरची चूल बंद राहणार आणि तिथे डबा न्यावा लागणार, हे त्या धरूनच चालत.

हे पहिल्यांदा झालं ते मामांचे थोरले भाऊ गावी वारले त्या दिवशी. सकाळी तोंड उघडं राहिलं, दिवेलागणीला तार आली. पुढे चौथ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ, जे जिन्याच्या दोन दोन पायऱ्या एका वेळी चढत आणि इतरांना व्यायामाचे सल्ले देत, ते दुपारी ऑफिसात खुर्चीवरच आटोपले. त्या दिवशी सकाळी सातला मामी नळावर म्हणाल्या होत्या, "आज डबो कोणाक लागतलो कोण जाणा." बस्स, तेवढं पुरलं. किती वेळा तोंड उघडं राहिलं आणि सगळे ठणठणीत राहिले, याचा हिशेब ठेवणार कोण? बिल्डिंगमध्ये मग खिडकीच्या कट्ट्याकडे बघून कामाला जायची पद्धतच पडली. पुंगळी उभी दिसली की लोक घरी परत जाऊन बायकोमुलांशी दोन शब्द गोड बोलून येत. चेअरमन एरवी मामांच्या दारात फिरकत नसत, पण अशा दिवशी "काका, पाण्याचं प्रेशर बघायला आलो होतो यार," असं म्हणत आत शिरत आणि नळाकडे पाठ करून खिडकीकडे बघत बसत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची तऱ्हा वेगळी. त्यांना आयुष्याचा कंटाळा आला होता. कमरेत वाकलेल्या त्या रोज सकाळी कठडा धरत खाली उतरत आणि दारातूनच ओरडत, "मेल्या, माझा नंबर लागला का रे?"

"नाही आजी, आज सगळी तोंडं मिटली."

"तुझं मशीन बिघडलंय," असं म्हणून आजी हिरमुसल्या होऊन परत चढत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या गोष्टी कानावर आल्या की माझं डोकं फिरतं. एका सुट्टीच्या दिवशी कट्ट्यावर पुंगळी उभी होती तेव्हाच आम्ही नेमके मुलुंडला गेलो होतो. मी ती ताब्यात घेतली, प्रयोगशाळेतून आणलेलं व्हर्नियर लावलं, मग डब्यातल्या दहाबारा मोजल्या, आणि विजयी मुद्रेने मामांच्या समोर जाऊन बसलो. "मामा, ही आखूड आहे. बाकीच्यांपेक्षा आखूड."

"असणारच," मामा म्हणाले. "वेगवेगळ्या लॉटच्या पुंगळ्या, सारख्या कशा असतील? डाय एका लांबीला लावलेला. आखूड आली की तो तिच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. यात भुताचं काय काम? जन्मभर मापंच घेतली मी."

माझी हवाच निघाली. "मग हे सगळं?"

"आखूड का मिटत नाही, ते मला म्हायत आहे. डब्यात शंभर असतात, सगळ्या मिसळलेल्या. मी बघून उचलत नाही. मग आखूड नेमकी त्याच दिवशी हाताला का लागते, एवढं तुमच्या त्या व्हर्नियरने मोजून सांगा." एवढं बोलून ते अर्ध्या श्वासावर थांबले. आत रगड्यावर खोबरं वाटणं चाललं होतं, तेही नेमकं तेव्हाच थांबलं. पुंगळी माझ्या तळहातावर होती. तिचं ते गोल उघडं तोंड माझ्याकडे वळलेलं होतं, आणि ती आता काहीतरी बोलणार असं मला वाटलं. भर दुपारी, कोंबडी-वड्यांचा वास सुटलेला असताना, माझ्या अंगावर काटा आला हे मी नाकारत नाही. त्या दिवशी मामींनी डबा भरला तो तळमजल्यावरच्या वॉचमनच्या खोलीत गेला. त्याचे वडील तिकडे गावी वारले होते.

मग मामींच्या पोटात गाठ निघाली. घाटकोपरच्या एका इस्पितळात ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मामांनी ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्या दिवसापासून प्रेसवर फडकं टाकून ठेवलं. एकही काडतूस भरलं नाही. माझी बायको मामींजवळ राहिली आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मामांना घेऊन जायला मी मुलुंडला गेलो. रिक्षा खाली थांबवून वर आलो तर दार उघडंच. मामा धुतलेला पांढरा सदरा घालून ओट्याशी बसले होते. फडकं बाजूला काढून घडी घातलेलं. समोर पुंगळ्यांचा डबा आणि एक शिशाची गोळी. दारू नव्हती, काही नव्हतं. मामींशिवाय ते स्वयंपाकघर इतकं शांत होतं की खाली उभ्या असलेल्या रिक्षाची फटफट वर ऐकू येत होती.

"मामा, आज नको," मी म्हटलं.

"एकच."

त्यांनी डोळे मिटले, डब्यात हात घातला. बोटं पुंगळ्यांमधून खोलवर गेली, थांबली, आणखी खाली गेली. एक निघाली. गोळी बसवली, पुंगळी प्रेसमध्ये ठेवली आणि हँडल ओढलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून त्यांच्या आधी मला दिसलं. अंगठा तोंडावरून फिरला. पुन्हा फिरला. तिसऱ्यांदा फिरताना मध्येच थांबला.

माझा यावर विश्वास नव्हता. तरी "दुसरी घेऊन बघा," असं माझ्या तोंडून निघालं.

मामांनी डोळे उघडले. त्यांचं ते न हलणं मी कितीदा पाहिलं होतं, पण त्या सकाळी ते न हलणं बघवत नव्हतं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, पाना काढला आणि चेकनटला लावला. इतक्या वर्षांत न हललेला तो नट करकरला. मामांनी डाय पाव आटा खाली घेतला. नट पुन्हा आवळला. तीच पुंगळी परत ठेवून हँडल ओढलं, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून. ती बाहेर आली तेव्हा तोंड घट्ट मिटलेलं होतं. ती सदऱ्याच्या खिशात टाकून ते उठले. "चला. उशीर होतोय."

विक्रोळी आली. मग रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "बघितलंत तुम्ही."

"हो."

"तिला सांगू नका." नेम धरताना मनगटावर माशी बसली तरी ज्यांचं बोट हलत नसे, ते घाटकोपर येईपर्यंत खिशातल्या पुंगळीचं तोंड अंगठ्याने चाचपत राहिले.

गाठ साधी निघाली. मामी पंधरवड्यात घरी आल्या आणि आल्या आल्या ओट्यावर पसरलेल्या मामांच्या सामानावरून त्यांनी जो काही तोंडाचा पट्टा सुटू दिला, तो ऐकून आम्ही सगळे अक्षरशः सुखावलो. मामा तर ऐकता ऐकता रडलेच. बिल्डिंगने पेढे खाल्ले. सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं.

पण डाय तसाच राहिला. मामांनी तो वर घेतला नाही. पाव आटा म्हणजे डोळ्याला दिसणार नाही इतकं अंतर, पण आता प्रत्येक चांगली पुंगळी गोळीला चिमटू लागली. मामांनी क्लबाचं भरण्याचं काम "नजर पूर्वीसारखी राहिली नाही" असं सांगून सोडून दिलं आणि फक्त स्वतःपुरती काडतुसं भरू लागले. ज्यांच्या नावाची ढाल वर्षानुवर्षं क्लबात होती, त्यांच्या गोळ्या निशाणाच्या कागदावर वाट्टेल तिथे लागू लागल्या. ते सहावे आले, मग नववे, मग शेवटचे. ज्यांना त्यांनी पिस्तूल धरायला शिकवलं ते लोक त्यांची काडतुसं हातात घेऊन बघत आणि संकोचत सांगत, "काका, क्रिम्प जास्त होतोय. पाव आटा वर घ्या ना, झकास बसेल." मामा हसून "बघतो" म्हणत आणि पुढच्या रविवारी पुन्हा शेवटचे येत. खिडकीच्या कट्ट्यावर पुंगळी दिसायची बंद झाली, कारण इतक्या खाली आलेल्या डायमध्ये आखूडसुद्धा मिटत होत्या. बिल्डिंगमधली माणसं आता पूर्वसूचना न मिळता जाऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीही एका पहाटे झोपेतच गेल्या. मामांना फार लागलं ते. "रोज विचारायच्या बिचाऱ्या. आणि त्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं," असं ते बरेच दिवस म्हणत होते.

एकदा क्लबातून परतताना मला राहवलं नाही. "मामा, तुम्हालाच ठाऊक आहे ती पुंगळी आखूड होती. ऑपरेशन डॉक्टरने केलं. मामी ठणठणीत आहेत. मग डाय का नाही वर घेत?"

"सगळं ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण मी पाव आटा वर घेतला, आणि त्या दिवशी तिला काही झालं, तर मी कोणाला जाऊन सांगू, जावईबापू, की पुंगळी आखूड होती?"



मामा गेले ते साध्या तापाचं निमित्त होऊन. आधीच्या रविवारी ते शेवटचेच आले होते. पिस्तूल चौकीत जमा झालं, दारू क्लबात परत गेली. प्रेस आणि डाय न्यायला क्लबातला एक सभासद आला, मामांनीच तयार केलेला, मन लावून नेम मारणारा माणूस. मामी चहा ठेवत होत्या. "माझ्या दुखण्यात त्यांची नजर गेली बघा," त्या मला म्हणाल्या. "त्याच्या आधी कधी हरले नव्हते. माझीच काळजी बाधली त्यांना."

त्या गृहस्थाने उचलायला सोपं जावं म्हणून आधी डाय सोडवायला घेतला. पाना चेकनटवर ठेवला. मी दरवर्षी नवीन मुलांना फळ्यावर लिहून देतो, की दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही. ते वाक्य मला त्या क्षणी पाठ होतं. पण माझा हात पुढे झाला आणि पान्यावर पडला.

"राहू दे तो," मी म्हणालो.

"अहो, हा चुकीचा लागलाय. पाव आटा तरी खाली आहे. काकांना किती वेळा सांगितलं."

"माहीत आहे. मामी आहेत तोवर राहू दे. नंतर न्या."

त्याने माझ्याकडे बघत पाना खाली ठेवला. मामी कप घेऊन आल्या आणि "काय झालं?" असं विचारू लागल्या. आटे जाम झालेत, निघत नाहीत, असं मी सांगितलं. "त्यांचाच हात लागायचा त्याला," मामी म्हणाल्या आणि पदराने प्रेसवरची धूळ पुसली.

प्रेस अजून तिथेच आहे. मामी आता थकल्या आहेत, पण माझ्यासाठी घावणे घालायचा त्यांचा हट्ट सुटलेला नाही. त्या मान वळवून पिठात पाणी घालत असतात तेव्हा मी चेकनटला हात लावून तो घट्ट आहे ना एवढं बघून घेतो, आणि मग पानावर बसतो.